बॅटवरचे लाल डाग

परवा रविवारी भाच्याला घेऊन क्रिकेटच्या नेटला (जाळीतल्या सरावाला) गेलो होतो. तो आता नववीत आहे, गेली चार वर्षं सोसायटीत आणि टर्फवर टेनिस बॉल खेळून तिथला एकदम हिरो झालाय, आणि आता शाळेच्या टीमचं सिलेक्शन आहे म्हणून सीझन बॉल (लाल चामड्याचा कडक बॉल) सुरू केलाय. वीस मिनिटं बॅटिंग करून घामाने निथळत बाहेर आला आणि म्हणाला, मामा आज मस्त मिडल होत होता (म्हणजे बॉल बॅटच्या मधोमध लागत होता). मी काही बोललो नाही, त्याच्या हातातली बॅट घेतली आणि त्याच्यासमोर धरली. नेटमधे जायच्या आधी ती मी ओल्या फडक्याने पुसून लख्ख केली होती. आता तिच्यावर मोजता येतील असे चौदा-पंधरा लाल डाग होते, मधोमध तीन, बाहेरच्या कडेला सहा, खाली टोकाशी चार, आणि एक पार वर स्टिकरवर. तो बघतच राहिला. जे त्याच्या डोक्यात मिडल होत होतं ते लाकडावर भलतीकडेच होतं.

ही बॅट पुसायची सवय मला सव्वीसाव्या वर्षी लागली. मी पण टेनिसवालाच, डोंबिवलीत चाळीमागच्या मैदानात वाढलेला, ऑफिसच्या टीममधून पहिल्यांदा मुंबईच्या आझाद मैदानावर सीझनची मॅच खेळलो (ज्यांनी आझाद मैदान बघितलंय त्यांना माहितीये, इतक्या खेटून मॅच चालतात की एकाच्या कव्हरला दुसऱ्या मॅचचा फाईन लेग उभा असतो) आणि दुसऱ्याच बॉलला बोल्ड झालो. त्यानंतर दोन महिने एका ठिकाणी फी भरून नेट लावलं, तिथे तासाभरात वाट्याला बारा बॉल यायचे आणि कोणी काही सांगायचं नाही, नुसतं 'नेक्स्ट'. मग एक वयस्कर सर भेटले. त्यांनी पहिल्या दिवशी माझी स्टान्स (उभं राहायची पद्धत) नाही बघितली, ग्रिप (बॅट धरायची पद्धत) नाही बघितली, म्हणाले आधी बॅट दाखव. तेव्हापासून मी शिकणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो की बाबा आधी डाग बघ, कारण आपल्याला काय वाटतंय आणि खरं काय होतंय यात फार अंतर असतं.

आता टेनिसवाल्याचा सीझनला नेमका घोटाळा कुठे होतो ते बघा. लॉन टेनिसचा बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास असतो, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम. आपण खेळतो तो जड टेनिस थोडा जास्त भरत असेल, पण तरी फरक मोठा आहे. टेनिस बॉल टप्पा पडल्यावर उंच येतो, कमरेच्या वर, त्यामुळे पुढचा पाय लेगला (पाठीकडच्या बाजूला, त्याच्या उलट ती ऑफ) काढून खालच्या हाताने ओढला की जातो. शिवणही नसते त्यामुळे टप्प्यावर फारसा इकडे तिकडे होत नाही. सीझनला तोच बॉल गुडघ्याच्या आसपास राहतो, शिवणीवर पडला तर दोन बोटं आत-बाहेर होतो, आणि तुमचा पाय लेगला गेलेला असतो, मग बॅट बॉलकडे एकटीच जाते. बॅट एकटी गेली की कडेलाच लागणार. बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर, त्यात खरा मारायचा भाग चार बोटं.

तर डाग कसे वाचायचे. बाहेरच्या कडेला डाग म्हणजे पाय पोचला नाही आणि हात पुढे गेले, मॅचमधे तो स्लिपला (कीपरच्या शेजारच्या फिल्डरला) कॅच आहे. आतल्या कडेला डाग म्हणजे बॅट गलीकडून (ऑफच्या मागच्या बाजूने) आडवी येतेय, नाहीतर बॅट आणि पॅडच्या मधे दार उघडं आहे. खाली टोकाशी डाग असतील तर शरीरापासून लांबचा बॉल हात ताणून खेळलास (किंवा खरंच पायाशी पडणारा यॉर्कर होता, तो भाग वेगळा). वर स्टिकरवर डाग म्हणजे शॉर्ट (आखूड टप्प्याच्या) बॉलला पुढे आलास, मागे जायला पाहिजे होतं. आणि बहुतेक बॅटींना तळापासून वीतभर वर जो भाग आहे तिथे डाग असेल तर तो आवाजावरून पण कळतो, टक् असा कोरडा आवाज येतो आणि हाताला काहीच लागत नाही. कडेला लागलं की तळवा झिणझिणतो, थंडीच्या सकाळी तर डोळ्यात पाणी येतं.

भाच्याचे डाग बाहेरच्या कडेला होते म्हणून त्याला नेटच्या बाजूला उभा केला आणि ग्रिप बघितली. अंगठा आणि तर्जनीमधे जो व्ही होतो ना, दोन्ही हातांचे व्ही एका रेषेत हवेत, आणि ती रेषा बॅटच्या पाठीवर मधला कणा आणि बाहेरची कड यांच्या मधोमध जायला पाहिजे. त्याचा खालचा हात हँडलच्या मागून मूठ आवळून धरलेला होता, हातोडा धरतात तसा. टेनिसला याच हाताने सिक्स जातात त्यामुळे तो सोडवत नाही, मला माहितीये, माझे त्यात सहा महिने गेलेत. पण सरळ बॅटने खेळताना मालक वरचा हात. डावं कोपर वर, खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि दोन बोटं, तीही सैल. घरी याचा उपाय सोपा आहे, जुन्या मोज्यात बॉल घालून तो गॅलरीत गुडघ्याच्या उंचीला टांगायचा आणि फक्त वरच्या हाताने हळूहळू सरळ मारायचा. बॅट सरळ आली तर मोजा सरळ जाऊन सरळ परत येतो. आडवी आली तर तो गोल गोल फिरायला लागतो. कोणी सांगायची गरजच नाही. रोज पन्नास, पहिले चार दिवस हात भरून येतो मग सवय होते.

पण ग्रिपपेक्षा मोठी गोष्ट डोकं आहे आणि याच्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. आपण सगळे पाय पुढे टाक, पाय पुढे टाक असं ओरडतो, आणि मुलगा बिचारा पाय धाडकन पुढे टाकतो, डोकं मागेच राहतं, वजन टाचेवर, आणि बॉल हवेत. खरं म्हणजे आधी डोकं आणि पुढचा खांदा बॉलकडे झुकवायचा, पाय आपोआप जातो, न जाऊन सांगतो कोणाला, नाहीतर पडाल. गुडघा वाकलेला, डोकं गुडघ्याच्या वर, नाक बॉलच्या वर, आणि बॅट पॅडच्या शेजारी. स्टान्समधे वजन चवड्यावर ठेवा, आणि दोन्ही डोळे एका लेव्हलला आहेत ना हे आरशात बघा, बऱ्याच जणांची मान ऑफला कललेली असते आणि त्यांना स्वतःला ते कळतच नाही. डोकं ऑफला पडलं की मिडल स्टंपवरचा बॉल लेगवर वाटतो, मग मनगटाने लेगला फ्लिक करायला जातो आणि एलबी (स्टंपसमोर पायाला लागून आऊट).

दुसरं म्हणजे उशिरा खेळणं. आमच्या लेव्हलला ११० च्या स्पीडने टाकणारा म्हणजे फास्टच, तो बॉल हातातून सुटल्यापासून तुमच्याकडे यायला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. एवढ्यात घाई करावीशी वाटणारच. पण जो बॅट्समन बॉल डोळ्यांच्या खाली येईपर्यंत थांबतो त्याला तो जास्त वेळ दिसतो, हे खेळल्याशिवाय पटत नाही. मुंबईत कांगा लीग ही स्पर्धा १९४८ पासून पावसाळ्यात खेळतात, ओल्या विकेटवर (म्हणजे पिचवर) बॉल टप्पा पडून थांबून येतो, आधीच बॅट फिरवणाऱ्याचा कॅच सरळ मिडऑफला. तिथे रन करायचे तर थांबायला शिकावंच लागतं. आणि मऊ हात म्हणजे काय हे बघायचं असेल तर गावस्करांची शेवटच्या टेस्टमधली ९६ ची इनिंग शोधून बघा, मार्च १९८७, बंगळूर, पाकिस्तान. हातभर वळणाऱ्या विकेटवर बॉल बॅटला लागून पायाशी मेल्यासारखा पडतो. आपण ती मॅच १६ रनांनी हरलो याचं मला आजही वाईट वाटतं पण ती इनिंग मी भाच्याला तीनदा दाखवलीये.

आणि सोडणं! ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडून द्यायला कोणी शिकवतच नाही कारण टेनिसच्या सहा ओव्हरच्या मॅचमधे डॉट (एकही रन न मिळालेला बॉल) म्हणजे गुन्हा. सचिन २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऑफबाहेरच्या बॉलना सारखा आऊट होत होता, सिडनीला जानेवारी २००४ मधे त्याने कव्हर ड्राईव्हच (ऑफबाहेरच्या बॉलला मारायचा शॉट) बाजूला ठेवला आणि ४३६ बॉल खेळून नाबाद २४१ केल्या. ज्याचा तो शॉट जगात भारी होता त्याने तो गुंडाळून ठेवला. मग आपल्याला नेटमधे पाचव्या स्टंपवर (म्हणजे ऑफच्या बराच बाहेर) बॅट घालायची काय गरज आहे. मी भाच्याला म्हटलं पुढच्या रविवारी पहिले बारा बॉल स्टंपवर येणाऱ्याशिवाय बाकी काही खेळायचं नाही. तोंड वाकडं केलं त्याने, पण तयार झाला.

आता बॉलिंग. इथेही डागच बघायचे, फक्त जमिनीवरचे. सकाळी दव असतं तेव्हा क्रीजजवळची (बॉल टाकायच्या रेषेजवळची) माती ओली असते, सहा बॉल टाकून झाले की मागे जाऊन स्वतःच्या पुढच्या पायाचे ठसे बघा. चांगल्या बॉलरचे ठसे एकमेकांवर पडतात, एक खड्डाच होतो. भाच्याचे सहा ठसे सहा ठिकाणी होते, एक क्रीजच्या वीतभर मागे, दोन सरळसरळ पुढे. म्हणजे रनअपच (बॉल टाकायच्या आधीची धाव) ठरलेला नाही, आणि रनअप ठरलेला नाही तर लाईन लेन्थवर (बॉल कुठल्या रेषेत आणि किती लांब टप्पा पडतो यावर) बोलण्यात अर्थ नाही. रनअप ठरवायचा असा, क्रीजपासून उलट्या दिशेने, स्टंपकडे पाठ करून, कशावरही नजर न लावता मोकळं पळायचं आणि आपोआप जिथे उडी मारावीशी वाटते तिथे उडी मारायची. मित्राने तिथे खूण करायची, असं पाच-सहा वेळा. जिथे जास्त खुणा पडतात तो तुमचा मार्क, मग पावलं मोजून ठेवा. लांब रनअपची हौस नको. आपला श्रीरामपूरचा फास्ट बॉलर झहीर खान २००६ ला इंग्लंडमधे वूस्टरशायरकडून काउंटी खेळून आला तो रनअप कमी करूनच आला, आणि २०११ च्या वर्ल्ड कपमधे त्याने २१ विकेट काढल्या.

बॉल बोटांत धरायचा, तळहातात नाही. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठा खालून शिवणीवर, तळवा आणि बॉलमधे थोडी फट दिसली पाहिजे. टेनिसवाले मूठभर धरतात त्यामुळे बॉल लडबडत जातो. शिवण सरळ जातेय का हे बघायला एकट्याने भिंतीसमोर उभं राहून मनगटातून बॉल सोडायचा, शिवण उभी राहून उलटी फिरताना दिसली की मनगट बॉलच्या मागे आहे. आऊटस्विंगला शिवण पहिल्या स्लिपकडे आणि चमकदार बाजू लेगला. चमकवायला थुंकी लावायची नाही बरं, ते आता बंद आहे, घाम चालतो.

एक गोष्ट मात्र पालकांनी पण वाचा. मागचा पाय पडतो तेव्हा खांदे आणि कंबर एकाच दिशेला असायला हवेत, साईडऑन (आडवे) तर दोन्ही साईडऑन, समोर तर दोन्ही समोर. कंबर समोर आणि खांदे आडवे असा पिळा पडत असेल तर पाठीच्या खालच्या मणक्याला त्रास होतो, वाढत्या वयात तर हाडाला चीर जाते. मुलाची पाठ दुखत असेल तर त्याला 'थोडं दुखणारच' म्हणून बॉल टाकायला लावू नका, थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. टेनिसला बरेच जण बॉल फेकतात (दगड मारल्यासारखा), तेही बाजूने मोबाईलवर स्लो व्हिडिओ काढला की दिसतं, हात खांद्याच्या वर आल्यावर कोपर झटक्याने सरळ होतंय का. भाच्याचं थोडं होत होतं. त्याला म्हटलं डावा हात उंच वर घे, त्याच्या बाजूने स्टंपकडे बघ, मग तो हात खाली खेच, उजवा आपोआप कानाजवळून येईल आणि डाव्या मांडीपाशी संपेल. दहा बॉल स्पीड अजिबात नको. सातव्या-आठव्याला सुंदर आला.

लेन्थसाठी बॅट्समनच्या स्टंपपासून साडेचार मीटरवर एक आणि सहा मीटरवर एक असे दोन कोन (शंकूसारख्या खुणा) ठेवतो, त्याच्या वयाच्या मिडियम पेसला एवढं पुढेच टाकायला लागतं, टीव्हीवरच्या बॉलर्सची लेन्थ त्यांच्या स्पीडला. स्पिनबद्दल मी काही सांगत नाही, मला येत नाही.

या रविवारी साडेसहाला परत जाणार आहोत. बॅट काल रात्रीच त्याने स्वतः पुसून ठेवली, मला फोटो पाठवला, कोरी करकरीत. आणि गॅलरीतला मोजा आमच्या ताईने दोनदा काढून ठेवला कारण तो वाळत घातलेल्या चादरींवर आपटतो, तर आता तो जिन्यात टांगलाय.