सॉमर्टन मॅनची ४४ अक्षरं: आद्याक्षर तपासणी, आतापर्यंतचं काम

ही नोंद फक्त चिठ्ठीची आहे, म्हणजे १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलेल्या अनोळखी मृतदेहाशी (‘सॉमर्टन मॅन’) जोडलेल्या पुस्तकावर उमटलेल्या, अजून न सुटलेल्या ओळींची. माणूस कोण, हा धागा आपल्या धरमपेठेच्या बैठकीत बाजूला ठेवलाय. जुलै २०२२ मध्ये अ‍ॅडलेड विद्यापीठाचे प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट आणि वंशावळी शोधणाऱ्या कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी कार्ल वेब हे नाव जाहीर केलं. मृताच्या चेहऱ्याच्या प्लास्टर साच्यात अडकलेल्या केसांच्या डीएनएवरून ते इथवर पोचले. १९०५ चा जन्म, मेलबर्नचा, विजेची उपकरणं बनवणारा. पोलिसांनी २०२१ मध्ये अवशेष उकरले, ती तपासणी वेगळी. पण नाव कळल्यानं चिठ्ठीतलं एकही अक्षर सुटलेलं नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. १ डिसेंबर १९४८ च्या सकाळी अ‍ॅडलेडजवळ सॉमर्टनच्या किनाऱ्यावर भिंतीला टेकलेला मृतदेह सापडला. कपड्यांची लेबलं काढलेली, विषाचा संशय, पण शवविच्छेदनात विष मिळालं नाही. पँटच्या चोरखिशात ‘तमाम शुद’ (फारसीत ‘संपलं’) छापलेली कागदाची गुंडाळी होती. ती उमर खय्यामच्या रुबायत या काव्यसंग्रहाच्या ज्या प्रतीतून फाडली होती ती १९४९ मध्ये पोलिसांकडे आली आणि तिच्या मागच्या बाजूला या ओळींचे पुसट ठसे दिसले. ती प्रत आज अस्तित्वात नाही.

ओळी अशा:
डब्ल्यू आर जी ओ ए बी ए बी डी
एम एल आय ए ओ आय (खोडलेली)
डब्ल्यू टी बी आय एम पी ए एन ई टी पी
एम एल आय ए बी ओ ए आय ए क्यू सी
आय टी टी एम टी एस ए एम एस टी जी ए बी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. उपलब्ध फोटोतली अक्षरं ठसे दिसावेत म्हणून नंतर गिरवलेली आहेत. त्यामुळे वळणावरून, दाबावरून काही काढायला जाऊ नका; तो हात गिरवणाऱ्याचा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर एमही असू शकतं. दोन्ही वाचनांची वेगळी शीट ठेवा, नाहीतर पुढचे आकडे एकमेकांत मिसळतात.

मोजणी चौकटीच्या वहीत हातानं करा, मग एक्सेलमध्ये ताळा घ्या. काउंटइफ हे सूत्र शब्दाच्या आतलं अक्षर मोजत नाही. ओळीच्या लेनमधून (अक्षरसंख्येतून), ते अक्षर सबस्टिट्यूटनं काढल्यावरचा लेन वजा करावा लागतो. सबस्टिट्यूट लहान-मोठी लिपी वेगळी धरतं, म्हणून सगळं कॅपिटलमध्ये टाका. खोडलेली ओळ सोडून बेरीज ४४ यायला हवी. ५० आली तर ती ओळ आत शिरली आहे. ए ८, टी ६, बी ५, एम आणि आय ४-४. डब्ल्यू, ओ, पी, जी, एस २-२. बाकी सात अक्षरं एकेकदा.

ई फक्त एकदा! सरळ इंग्रजी मजकुराची अक्षरं नुसती उलटसुलट केली असती तर ४४ मध्ये पाच-सहा ई यायला हवेत. तेव्हा अक्षरांच्या जागा अदलाबदल करणारा सायफर (गुप्तलिपी) बाद. इंडेक्स ऑफ कोइन्सिडन्स, म्हणजे कुठलीही दोन अक्षरं उचलली तर ती सारखी निघण्याची शक्यता, ०.०७४ येतो. इंग्रजी ०.०६७ च्या आसपास, अगदी यादृच्छिक ०.०३८. लांब किल्लीचा विजनेअर (किल्लीशब्दानुसार प्रत्येक अक्षर वेगळ्या अंतरानं सरकवणारा सायफर) असता तर आकडा खाली गेला असता. दोन्ही डब्ल्यू एम धरले की हाच आकडा ०.०८२ होतो, म्हणजे दोन अक्षरांनी एवढा हलतो. त्यावर इमले बांधू नका. साध्या एकास-एक बदलाला सुमारे २८ अक्षरांत एकच उत्तर पक्कं व्हायला हवं; इथे ४४ असून हिल-क्लाइम्बिंग (किल्ली थोडी थोडी बदलून उत्तर सुधारत नेणारा प्रोग्राम) कचराच देतं.

उरतात शब्दांची आद्याक्षरं. अ‍ॅबट यांच्या विद्यार्थ्यांचा कलही तिकडेच होता आणि इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला नेहमी येणारी टी, ए, डब्ल्यू त्यात बसतात. खोडलेली ओळ या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा वाटतो: ‘एम एल आय ए ओ आय’ लिहून थांबला, खोडलं, मधली ओळ लिहिली आणि मग ‘एम एल आय ए’ हीच सुरुवात पुन्हा घेतली. मजकूर आधीच डोक्यात असलेला माणूस ओळ गाळतो तेव्हा असं होतं. खुपतं ते एच. इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला तो सुमारे ७ टक्के येतो, म्हणजे तीनेक असायला हवेत, इथे शून्य. ‘ही, हिज, हर, हॅड’ भरलेली गोष्ट ही नसावी.

आता आपली नियंत्रण चाचणी, म्हणजे उत्तर माहीत असलेल्या ओळींवर तीच पद्धत चालवून पाहणं. ‘द हितवाद’ या इंग्रजी दैनिकाच्या संपादकीय पानावरचे सलग ४४ शब्द घेऊन आद्याक्षरं ९, ११, ११, १३ अशी तोडली आणि मूळ न सांगता दुसऱ्याला दिली. शहर पान घेऊ नका. नागपूर, महानगरपालिका आणि माणसांची नावं यांमुळे एन, एम आणि एस फुगतात. मूळ वाक्य कुणालाच मिळालं नाही, अर्थ लागलेलं वाक्य मात्र प्रत्येकाकडे होतं. काहींची तर मूळ अग्रलेखापेक्षा बरी होती. म्हणून यापुढे ‘उत्तर’ आणणाऱ्यानं नियम आधी लिहून द्यायचा आणि तोच नियम नियंत्रण ओळींवरही चालवून दाखवायचा.

वेबला घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता, त्यामुळे ही घोड्यांची नावं असतील, अशी अ‍ॅबट यांची एक सूचना आहे. आमचा त्यावर फारसा भरवसा नाही. नावांच्या यादीत ‘द, टू, अँड, अ‍ॅट’ नसतात, मग आठ ए आणि सहा टी येणार कुठून? तरी तपासणं सोपं आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहावर नोव्हेंबर १९४८ ची मर्यादा लावा, ‘द अ‍ॅडव्हर्टायझर’ आणि ‘द न्यूज’ उघडा. यंत्रानं वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका. शर्यतीचे रकाने एकमेकांत घुसतात आणि घोड्याचं वजन नावाला चिकटतं. पानाचं चित्र मोठं करून नावं हातानं टाइप करा, प्रत्येक शर्यत वेगळ्या ओळीत, छापलेल्या क्रमानं.

पुढच्या बैठकीपर्यंत अ‍ॅडलेडच्या शर्यतींची शीट पूर्ण व्हावी. मेलबर्नची नंतर. क्यू-सी ही जोडी लागोपाठ कुठे दिसली तर तारीख, पान आणि रकाना लिहून आणा. नुसता स्क्रीनशॉट चालणार नाही.