तुम्ही विचारलंत म्हणून: डम्पस्टरमधला सूर

आमच्या बाहेरच्या खोलीत पितळी बुडाचा एक टेबललॅम्प आहे. येणारे-जाणारे कौतुकाने हात लावतात, कुठे मिळाला विचारतात. मी "बॉस्टनच्या कचऱ्यात" म्हटलं की निम्म्यांचा हात आपसूक मागे जातो. उरलेले हमखास विचारतात, "ते डम्पस्टर डायव्हिंग म्हणतात ते हेच का? पण त्यात डायव्हिंग कसलं?"

आधी डम्पस्टर, म्हणजे कचऱ्याचा मोठा डबा. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला डेम्पस्टर बंधूंची कंपनी होती. १९३० च्या दशकात त्यांनी लोखंडाचा अगडबंब डबा काढला. तो ट्रकने यंत्राच्या जोरावर उचलायचा, उपडा करायचा, परत जागेवर ठेवायचा. 'डम्प' म्हणजे ओतणं, त्यात घराण्याचं आडनाव मिसळलं आणि झाला डेम्पस्टर-डम्पस्टर. या भावांपैकी जॉर्ज पुढे नॉक्सव्हिलचा महापौरही झाला, पण आडनाव अमर झालं ते कचऱ्यामुळे. शब्द मुळात ट्रेडमार्कचा. आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडा झालं, तसा तिकडे असला कुठलाही डबा डम्पस्टर झाला.

आता डायव्हिंग. हे डबे छातीइतके उंच असतात. तळाची वस्तू हवी तर पोट कडेवर टेकवायचं, डोकं आत घालायचं, आणि मग पाय सुटतात जमिनीवरून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, विहिरीत सूर मारतोय. हा शब्द १९८० च्या दशकात रुळला. तेव्हाची हॅकर पोरं टेलिफोन कंपन्यांच्या डब्यांत असेच सूर मारून मॅन्युअलं आणि पासवर्डांचे कागद काढायची.

"चोरी नाही का ही?" हा पुढचा प्रश्न. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात सांगितलं की रस्त्याकडेला ठेवलेला कचरा पोलिसांनी वॉरंटशिवाय तपासला तरी चालेल, त्यावर खासगीपणाचा हक्क उरत नाही. पण डबा कुणाच्या आवारात असेल तर आत शिरणं हाच गुन्हा ठरू शकतो.

मी स्वतः सूर मारलेला नाही, खरं सांगायचं तर. बॉस्टनमध्ये भाड्याच्या घरांचे बहुतेक करार १ सप्टेंबरला बदलतात. विद्यार्थ्यांची वस्ती असलेल्या ऑलस्टन भागात त्या दिवशी फुटपाथवर सोफे, टेबलं, कढया, सगळं मांडलेलं असतं. गमतीने त्याला ऑलस्टनचा ख्रिसमस म्हणतात. आम्ही चौघांनी एका रात्रीत घर लावलं. गादीला मात्र हात लावला नाही. ढेकूण अमेरिकेतही असतात, आणि चांगले टपोरे असतात.

लॅम्प उचलला तेव्हा पलीकडे एक आजी शीतपेयांचे रिकामे डबे पिशवीत भरत होत्या. डबा परत दिला की मॅसॅच्युसेट्समध्ये ५ सेंट मिळतात. त्या रात्री आम्ही मित्रांना फोन करकरून "डम्पस्टर डायव्हिंग केलं" म्हणून मिरवलं. आजी जे करत होत्या त्याला हा शब्द कुणी वापरला नसता. पोटासाठी रोज करावं लागलं की त्यातला सूर जातो.

याला मराठीत काय म्हणायचं, असंही लोक विचारतात. पुण्यात १९९३ मध्ये हे काम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या बाया स्वतःला कचरावेचक म्हणतात. वेचणं मला आवडतं. कापूस वेचतात, पारिजातकाची फुलं वेचतात. त्यात वाकावं लागतं आणि निवडायची नजर लागते.

लॅम्प इथे आणल्यावर त्याचा आट्यांचा होल्डर काढून आपला पिनांचा बसवून घेतला. वायरमनने काम संपल्यावर लॅम्प उलटा केला, बुडाला नखाने खरवडलं आणि म्हणाला, "पितळ नाही हो हे, नुसता मुलामा आहे. भंगारात काही यायचं नाही याचं."