रंग फिका पडला तेव्हा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मला केजीएन पेशी मिळाल्या. अंडाशयातल्या फॉलिकलमध्ये स्त्रीबीजाला वेढून ज्या ग्रॅन्युलोसा पेशी असतात, त्यांच्या गाठीपासून जपानी संशोधकांनी ही पेशीमालिका तयार केली, २००१ मध्ये प्रसिद्ध केली. गाठ एका वयस्क बाईची होती. पेशींचा मीडिया, म्हणजे त्यांना वाढवणारं पोषक द्रव, बदलताना ती बाई हमखास मनात यायची.

गोव्यातल्या डिचोलीहून सकाळची कदंब बस धरायची आणि पोचल्यावर आधी इन्क्युबेटर बघायचा: ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. जूनच्या पावसात दोन फ्लास्कमध्ये बुरशी शिरली. कापसाच्या तंतूंसारखी पांढरी जाळी तरंगताना दिसली, तेव्हा रडूच आलं. गणेश चवथीच्या आधी मात्र मी शहाणपणा केला, थोड्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या. घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना जीवाला तेवढाच घोर कमी.

खरी अडचण पुढे आली. फोर्स्कोलिन हे रसायन घातलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज हे एन्झाइम वाढतं, म्हणजे इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेनही वाढायला हवं. ४८ तासांनी एलायझा, म्हणजे रंगावरून हार्मोन मोजायची चाचणी, लावली. या प्रकारात हार्मोन जितकं जास्त, तितका रंग फिका. माझ्या प्लेटच्या सगळ्या खाचा एकजात गडद पिवळ्या! तीन आठवडे मी फोर्स्कोलिनलाच दोष देत राहिले.

मॅडमनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "अगो, या पेशींना कच्चा माल कोण देतंय?"

पाठ्यपुस्तकातली 'दोन पेशी, दोन गोनॅडोट्रोपिन' (अंडाशयाला चालना देणारी हार्मोन्स, एलएच आणि एफएसएच) ही आकृती मी परीक्षेत कितीदा काढली होती! शेजारच्या थीका पेशी एलएचच्या सांगण्यावरून अँड्रोजन (पुरुषी मानली जाणारी हार्मोन्स) बनवतात. ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रोजेन करतात. स्वतः अँड्रोजन बनवणं त्यांना जमत नाही. माझ्या फ्लास्कमध्ये थीका पेशी नव्हत्याच. पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये, अँड्रोजन का वाढतं, हे समजून घ्यायला केवळ ग्रॅन्युलोसा पेशी का पुरत नाहीत, हेही मला तेव्हाच नीट उमगलं.

पुढच्या खेपेला मीडियात अँड्रोस्टीनडायोन हे अँड्रोजन घातलं. मीडियात घालायच्या सीरममध्ये मुळातच हार्मोन्स असतात, म्हणून कोळशाने ती काढून टाकलेलं सीरम वापरलं. कंट्रोलच्या, म्हणजे काहीच न घातलेल्या, खाचा गडद राहिल्या. नुसतं अँड्रोस्टीनडायोन घातलेल्या फिकट झाल्या. आणि जिथे फोर्स्कोलिनही होतं, त्या तीन खाचा जवळजवळ पाण्यासारख्या. रीडरमध्ये प्लेट ठेवायच्या आधी मी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि मॅडमना हाक मारली.