हिब्रू तारीख, ओहोटी आणि मुलांचा कॅम्प

अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुलांचा उन्हाळी कॅम्प ठरवताना आधी खोल्या बघितल्या जातात. आधी हिब्रू तारीख बघावी. हिब्रू महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे त्याची तारीख आपल्या तिथीच्या आसपासच असते, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. आणि तिथीचा पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हे कोकणात कोणीही सांगेल. तारीख 15च्या पुढची असेल तर आधी 15 वजा करा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून हिशेब दिवसाउजेडी चालू असलेल्या तारखेचा.

8 तारखेला भरती सहाला, ओहोटी सव्वाबाराला. म्हणजे भर उन्हात, आणि भांगाचे (भरती-ओहोटीत कमी फरकाचे) दिवस असल्यानं पाणी फारसं मागेही जात नाही. 16-17ला मात्र उधाण: ओहोटी सकाळी सात ते पावणेआठ, खडक लांबवर उघडे. मुलांना न्यायचं तर हेच दिवस. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, नंतर अर्ध्या तासात परत फिरा. पाणी समोरून येताना दिसतं, पण आधी भरतात त्या पाठीमागच्या घळी, आणि मुलं खडकावर अडकतात. चपला पट्ट्याच्या हव्यात. कालवांच्या कडा पाय कापतात. डबक्यांत दिसणारं कालव, खेकडा, कोळंबी यांतलं काहीच कोशर, म्हणजे ज्यू नियमांनुसार खाण्याजोगं, नाही, त्यामुळे "हे खायचं का?" या प्रश्नाचं उत्तर सोपं.

शंख-शिंपले वेचायचे तर शुक्रवारी सकाळी किंवा रविवारी. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, नुसतं बघायचं.

लाग बाओमेर हा ज्यू सण इय्यार या हिब्रू महिन्याच्या 18ला, बहुधा मे महिन्यात. शेकोटीची रात्र. 18 वजा 15 म्हणजे 3, भरती मध्यरात्रीनंतर सव्वादोनला. रात्री आठला पाणी लांब असतं, वाळू ऐसपैस दिसते आणि शेकोटी नेमकी खाली रचली जाते. ती शेवाळ-काटक्यांच्या ओळीच्या वर रचा, सुरूच्या बनापासून मात्र लांब. खाली पडलेली सुरूची वाळकी पानं भसकन पेटतात.

शब्बाथला मुलांनी पाण्याची बाटली घेऊन आवारात फिरायचं तर एरूव लागतो, म्हणजे आवाराभोवती दोरीची हद्द, कारण तिच्याशिवाय त्या दिवशी बाहेर वस्तू वाहून नेता येत नाहीत. इथे हमखास चूक होते ती दोरीची: ती सुरूच्या खोडाला बाजूने बांधून चालत नाही, उभ्या काठीच्या टोकावरून जायला हवी. म्हणून प्रत्येक झाडापाशी मीटरभराहून उंच बांबू, नेमका दोरीखाली. वाळूत तो दोन फूट गाडा, नाहीतर वाऱ्यानं कलतो. दमट हवेत नायलॉन सैल पडतं, म्हणून शुक्रवारी दुपारी पुन्हा ताणा. मेच्या मध्यावर सूर्यास्त सातच्या सुमारास, शब्बाथचे दिवे त्याआधी 18 मिनिटं लावायचे. त्यानंतर सुटलेली गाठ शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत तशीच राहणार, आणि बाटल्या खोलीतच.