करमत नाही

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात प्रॅक्टिस करायला लागून मला बावीस वर्षं झाली. "मला डिप्रेशन आलंय" असं म्हणत दवाखान्याची पायरी चढलेले पेशंट बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे येतात ते अंग मोडून येतंय, डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो म्हणून. आणि सगळं लिहून झाल्यावर, उठता उठता, एखादी बाई म्हणते, "अन् करमत बी नाही बघा." माझं पेन तोवर खिशात गेलेलं असतं.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी ऐकायला मला एका मावशींनी शिकवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या आसपास, घरी दोन म्हशी, मुलगा पुण्याला कंपनीत. चौदा महिन्यांत त्या माझ्याकडे नऊ वेळा आल्या. कंबर, मान, मग पोटात गोळा, मग सगळंच अंग. मी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर सगळं तपासलं, आणि ते करायलाच हवं होतं. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. रिपोर्ट नॉर्मल आले. मी म्हणाले, "मावशी, काही नाही तुम्हाला." त्या चौदा महिन्यांतली माझी खरी चूक हे वाक्य. दुखत तर होतंच त्यांना.

दहाव्या वेळी सून बरोबर आली. मावशी कॉटवर पडलेल्या असताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, आत्या म्हैस ओरडली तरी उठत नाहीत. आधी वासराला दुसऱ्याचा हात लावू द्यायच्या नाहीत. आणि पहाटे तीनला उठून नुसत्या बसून राहतात."

झोप लागते, पण तीन-साडेतीनला डोळा उघडतो तो उघडतोच, आणि दिवसातली सगळ्यात वाईट वेळ सकाळची. असं कुणी सांगितलं की आता मी पेन खाली ठेवते.

त्या दिवशी मी त्यांना नऊ प्रश्न विचारले. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली डिप्रेशन चाचपायला जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की नीट लक्ष घालायचं. छापील मराठी फॉर्म हातात देऊन मात्र उपयोग होत नाही. 'खिन्न' हा शब्द आमच्याकडे कुणी बोलत नाही. मी विचारते, "आधी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का?" "कशात राम वाटतो का?" "घरच्यांवर आपण ओझं झालोय असं मनात येतं का?" आणि नववा प्रश्न, जो विचारताना नवख्या डॉक्टरचा आवाज बसतो: "डोळे मिटले तर बरं, असं वाटतं का?"

असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं पहिल्यांदा खाली ठेवता येतं. मावशी बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आता विहिरीकडं जातच नाही, बाई."

गुण आले सतरा. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. तो फक्त पुढे बोलायला लावतो. मी मुलाला तिथूनच फोन लावला, घरात काय काय कुलपात ठेवायचं ते सुनेला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना साताऱ्याला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवलं. तिथे गोळी सुरू झाली. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळतं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, हे मी सुनेला तीनदा सांगितलं. गोळ्या अर्ध्यावर सुटतात त्या बऱ्याचदा सुरुवातीलाच.

गोळी लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, आणि घाईत नेमकी तीच राहते. "कधी असे दिवस आले होते का, की तीन तास झोपूनही थकवा नाही, तोंडाला खळ नाही, पैसा हातात टिकत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतंय?" हो म्हणाले तर तो बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अती उत्साह अशा दोन टोकांचा आजार असू शकतो, आणि नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. हे पेशंट स्वतः सांगत नाही. त्याच्या लेखी ते चांगले दिवस होते. बायको किंवा भावालाच विचारावं लागतं.

छातीत धडधड घेऊन येणाऱ्या तरुण पोरांचं वेगळं. एकाने वर्षात चार ईसीजी काढले होते, सगळे नीट. अचानक धाप, घाम, हाताला मुंग्या, 'आता मी जातो' अशी भीती. दहा मिनिटांत कळस आणि मग हळूहळू ओसरतं. त्याला मी विचारलं, "दोन झटक्यांच्या मधले दिवस कसे जातात?" म्हणाला, एसटीत बसायचं सोडलंय, वाटेत झाला तर काय करू. पुढच्या झटक्याची ही धास्ती पॅनिकच्या आजाराची मोठी खूण. पहिला ईसीजी काढलाच पाहिजे. चौथ्याची गरज नव्हती, या प्रश्नाची होती.

आणि याच्या उलटही घडतं. सत्तरीतल्या आजोबांना "वेड लागलं" म्हणून आणलं होतं. परवापर्यंत पारावर बसून पेपर वाचणारा माणूस काल रात्रीपासून भिंतीशी बोलतोय. दोन दिवसांत, तेही कधी शुद्धीत कधी भ्रमात, असं झालं तर आधी शरीर तपासायचं. त्यांचं रक्तातलं सोडियम खाली गेलं होतं, बीपीच्या गोळीतल्या लघवी वाढवणाऱ्या औषधाने. सोडियम सावकाश वर आणलं आणि आजोबा ताळ्यावर आले. घरात देवऋषी बोलवायचं ठरलं होतं.

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण सोमवारी, बाजाराच्या दिवशी, माझ्याकडे साठ पेशंट होतात तेव्हा मी हा आकडा मनात धरते. साठातले सहा. त्यांतला एकही तसं म्हणून येत नाही. नऊ प्रश्नांना सात-आठ मिनिटं लागतात. बाहेर रांग खोळंबते, कंपाउंडर दोनदा डोकावतो. खोळंबू दे.

इथवर वाचताना कुणाला आपलंच कुणी आठवलं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

मावशी गेल्या महिन्यात आल्या होत्या, गुडघा दुखतोय म्हणून. मी आधी नऊ प्रश्न विचारले. चार गुण आले. मग गुडघा पाहिला. चांगलाच सुजला होता. गोठ्यात घसरल्या होत्या, वासरामागे धावताना.