नारिताला उतरले, पैसे पुण्यात अडकले

टोकियोला एकटीने जायचं ठरवलं तेव्हा ज्याने त्याने भाषेची भीती घातली. भाषेने मला कुठेच अडवलं नाही. अडवलं ते पुण्यातल्या माझ्या स्वतःच्या बँकेने, आणि तेही पहिल्याच संध्याकाळी, विमानतळावर. बाहेर चांगलं ऊन होतं, उजेड असेपर्यंत असाकुसा या टोकियोच्या जुन्या भागात पोचायचं मी ठरवून ठेवलं होतं. या गोष्टीला बरेच महिने झाले, तरी राग गेलेला नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इमिग्रेशन आणि कस्टम्सबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या वेबसाइटवर घरूनच माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवला होता. तो दाखवला, बोटांचे ठसे दिले, बॅग घेतली, बाहेर आले.

नारिता विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे. असाकुसाला जायला केइसेई कंपनीची अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस धरायची, ती पुढे भुयारी मार्गावरून जाते आणि गाडी न बदलता तासाभरात असाकुसाला सोडते. मला हीच गाडी हवी होती. पण साध्या तिकिटाचं मशीन रोख पैसे मागतं. सुइका किंवा पास्मो हे प्रवासाचं कार्ड घेतलं तरी मशीनवर त्यात पैसे भरायला बहुधा रोखच लागते. हे आधीच वाचलेलं असल्यामुळे मी पहिल्यांदा एटीएम गाठलं. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर आणि पोस्टाच्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं, इतर कित्येक जपानी बँकांच्या मशीनवर चालत नाही. ही माहिती बरोबर होती. मशीनने छान इंग्रजीत विचारलं, पिन घेतला, आणि कार्ड परत दिलं. व्यवहार होऊ शकत नाही. तुमच्या बँकेशी संपर्क साधा.

तुम्ही म्हणाल, परदेशातला वापर सुरू केला नसेल. केला होता. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानात चालतं, परदेशासाठी ते वेगळं सुरू करावं लागतं. ते मी अ‍ॅपमधून एटीएम आणि दुकान दोन्हीसाठी सुरू केलं होतं. शिवाय शाखेत जाऊन लेखी पत्र दिलं होतं: कोणत्या देशात जाणार, कोणत्या तारखांना, मोबाइल कोणता, ईमेल कोणता. माझ्या प्रतीवर ‘प्राप्त’ असा निळा शिक्का आहे, त्याखाली सही आणि तारीख आहे. येन मागितले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, येन स्टॉकमध्ये नसतात. तिथे एटीएममधून काढा, काही प्रॉब्लेम येणार नाही.”

आता काय झालं ते ऐका. जपानमधून पैसे काढले जाताहेत हे बँकेच्या सिस्टिमला संशयास्पद वाटलं आणि तिने कार्ड थांबवलं. सोबत त्याच बँकेचं क्रेडिट कार्डही थांबवलं. सुरू करायचं तर अ‍ॅपमध्ये जाऊन ‘हा व्यवहार मीच केला’ असं सांगायचं. त्यासाठी ओटीपी. ओटीपी येणार पुण्याच्या नंबरवर. फोनमध्ये जपानचं ई-सिम होतं, पण ते फक्त डेटाचं, त्यावर एसएमएस येत नाही. पुण्याचं सिम दुसऱ्या खाचेत होतं, रोमिंग पॅकचे पैसे भरलेले होते, सिग्नलच्या काड्याही दिसत होत्या. मेसेज मात्र एकही नाही. ओटीपी तीन मिनिटं चालतो. तीन मिनिटं संपली की स्क्रीन पुन्हा पहिल्या पानावर.

कार्डाच्या मागचा 1800 वाला नंबर परदेशातून लागत नाही. मुंबईचा दुसरा नंबर लागतो, तोही रोमिंगच्या दराने. तिथे आधी भाषा निवडा, मग सोळा आकडे दाबा, मग टेलिफोन पिन. हा पिन नसेल तर अ‍ॅपमधून तयार करा. अ‍ॅप उघडायला ओटीपी. शेवटी एकदाचा माणूस मिळाला तर तो म्हणतो, “मॅडम, रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा.” मी सांगितलं, तोच येत नाहीये, म्हणून तर फोन केलाय. “ओटीपीशिवाय मी काही करू शकत नाही, मॅडम.” ज्या तारखांना मी जपानमध्ये असेन असं त्यांच्याच शाखेने शिक्का मारून स्वीकारलं होतं, त्याबद्दल विचारलं तर म्हणे ते आम्हाला दिसत नाही, ते शाखेकडे असतं.

मग भावाला व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे पुण्यात भर दुपार. तो बिचारा ऑफिस सोडून शाखेत गेला. तिथे साहेब जेवायला गेलेले. आले तेव्हा त्याला ऐकवलं, “कार्डहोल्डरला स्वतः यावं लागेल.” तो म्हणाला, ताई जपानमध्ये आहे. “मग आल्यावर येऊ देत.” फोन चालू होता, मी हे माझ्या कानांनी ऐकलं. काचेबाहेर तोवर अंधारून आलं होतं. पाण्याची बाटली घ्यायला खिशात एक येन नव्हता.

यातून सोडवलं ते मी स्वतःच, आणि याचा मला अभिमान आहे. फोनच्या सेटिंगमध्ये पुण्याच्या सिमचं नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वर असतं. ते बंद केलं, थोडा वेळ थांबल्यावर जपानी नेटवर्कची यादी आली, त्यातलं दुसरं निवडलं आणि फोन बंद करून पुन्हा चालू केला. मिनिटभरात सगळे जुने ओटीपी एकामागून एक धडाधड येऊन पडले. नवीन मागवला, आला, भरला, कार्ड सुरू झालं. परदेशात एसएमएस येत नसेल तर कुणाशी वाद घालायच्या आधी हे करून बघा. बँकेतल्या एकालाही हे सांगता आलं नाही.

दहा हजार येनची नोट हातात पडली तेव्हा इतकं हलकं वाटलं की तिथेच बाकावर बसून घेतलं. पाणी घेतल्यावर सुट्ट्यात हजाराची नवी नोट आली. तिच्यावर कितासातो शिबासाबुरो आहेत, 1894 साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात आला. प्लेगच्या गोष्टी आजीकडून ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीने ती नोट नीट निरखली. या नोटा जुलै 2024 पासून आल्या आहेत आणि काही छोट्या हॉटेलांतली जेवणाचं कुपन देणारी जुनी मशीन त्या घेत नाहीत. जुन्या नोटा मिळाल्या तर त्या बाजूला ठेवा.

असाकुसाला पोचून हॉटेलात बॅग टाकली आणि तशीच निघाले. एकट्या बाईने रात्री फिरावं का, हा प्रश्न टोकियोत मला पडला नाही. रस्त्यावर शाळेची मुलं एकटी घरी चालली होती. नाकामिसे ही देवळासमोरची दुकानांची गल्ली मिटली होती, खरेदी करायची तर लवकर जायला हवं. सेन्सो-जी या त्या देवळाचा मुख्य गाभाराही पाचला बंद होतो. पण आवार उघडं असतं, आणि दिवे लागल्यावर लाल खांब, पाच मजली पॅगोडा सगळं झळाळत असतं, गर्दी जवळजवळ नसते. सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात 628 साली कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेची मूर्ती सापडली, ती इथली देवता अशी कथा आहे. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात देऊळ जळलं, आताचं 1958 मध्ये बांधलेलं. कामिनारीमोन दरवाजातल्या लाल कंदिलाचे फोटो सगळे समोरून काढतात. तुम्ही त्याच्या खाली उभं राहून वर बघा. जवळपास चार मीटर उंचीचा, सातशे किलोचा तो कंदील, आणि त्याच्या बुडाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, खवल्याखवल्यासकट.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने रस्सा दिसेल तिथे सावध राहावं, दाशी म्हणजे माशाचा अर्क जवळपास सगळ्यात असतो. मी ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा घेतला, आत आंबट-खारट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं जपानी फळ. त्याच्या वेष्टनावर 1, 2, 3 असे आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं म्हणजे समुद्रशेवाळाचा कागद कुरकुरीत राहतो आणि भात हाताला लागत नाही.

हो, कार्डं दोन वेगवेगळ्या बँकांची ठेवा, आणि येन नाहीत असं एका ठिकाणी म्हणाले तर दुसऱ्या मनी चेंजरकडे आधीच सांगून ठेवा. पहिल्या संध्याकाळपुरते दहा हजार येन पुरतात. शाखेत पत्र दिलं असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. मला तो तिथे उपयोगी पडला नाही, पण तक्रारीला पडला.

तक्रार मी त्याच रात्री हॉटेलातून ईमेलने केली, शिक्क्याच्या फोटोसकट. ठरावीक साच्यातलं उत्तर आलं की हे सर्व आपल्या सुरक्षिततेसाठी आहे. पत्राचं काय झालं यावर एक अक्षर नाही. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. ती मी केली आहे. पत्र स्वीकारायचं असेल तर ते सिस्टिमपर्यंत पोचवा, नाहीतर शिक्का मारू नका, एवढीच माझी मागणी आहे.