काचपेटीतला तेलसापळा : घुमट भरला

मंडळी, घुमट भरला! काळ्या मातीच्या थराखाली लाल तेलाचा चांगला दोन बोटं जाड पट्टा जमलाय आणि रात्रभरात एक थेंबही वर चढलेला नाही.

नवीन वाचकांसाठी: जमिनीखाली खनिज तेल कसं वर सरकतं आणि कुठे अडकून साठतं, ते दाखवणारी ही पेटी. रचना अशी: जुन्या फिशटँकमध्ये तळाशी भरड वाळू, त्यावर चाळलेली बारीक वाळू, सगळी पाण्याने गच्च भिजवलेली. वर आमच्या सोलापुरी काळ्या मातीचा थर, मधोमध घुमटासारखा उंचावलेला. तेल घाण्यावरचं करडईचं. रतनजोत घालून कोमट केलं की ते गडद लाल होतं, आणि तो रंग पाण्यात उतरत नाही. सलाइनच्या नळीने ते तळाशी सोडलं.

तेल सगळीकडून वर चढत नाही. नळीच्या तोंडाशी साचतं, मग एक वाट धरतं आणि मागचं तेल त्याच वाटेने जातं. बारीक वाळू लागली तिथे ते अडलं, आडवं पसरलं, खालून पुरेसा रेटा आल्यावरच आत शिरलं. मातीचे कण तर इतके बारीक की त्यांच्यामधलं पाणी हटवायला हा रेटा पुरतच नाही. खऱ्या सापळ्यावरचा शेल, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला बारीक कणांचा खडक, हेच काम करतो. वाटेत अडकलेले लाल ठिपके मात्र काही केल्या सुटत नाहीत. जगभरातल्या तेलक्षेत्रांतूनही सरासरी साधारण एक तृतीयांशच तेल वर येतं, ते का हे इथे डोळ्यांनी दिसतं. जमिनीखाली तेलाची तळी असतात असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता ही पेटी दाखवतो.

घुमट न करता, सपाट आणि एका कडेला उघडा थर देऊनही तेल सोडून पाहिलं. सगळं त्या कडेने निसटून वर आलं. सापळा आधी तयार हवा, तेल नंतर यायला हवं. हा क्रम चुकला की उत्तम खडक असूनही विहीर कोरडी निघते.

तेल शिजण्याचा भाग पेटीत दाखवता येत नाही. शेवाळ आणि प्लवक प्राणवायू नसलेल्या चिखलात गाडले जातात, त्यांचं केरोजेन, म्हणजे खडकात अडकलेला घट्ट सेंद्रिय पदार्थ, होतं, आणि साधारण दोन ते चार किलोमीटर खोलीवर, ६० ते १२० अंश सेल्सिअसला, लाखो वर्षांत त्यातून तेल सुटतं. त्याहून तापलं की मुख्यतः वायू. म्हणजे आधी गाळाचा जाड थर हवा. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला जे भोक घेतलं, त्यात सुमारे ३४० मीटर बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक), खाली जेमतेम काही मीटर गाळ आणि मग थेट नाइस, म्हणजे पायाचा जुना कठीण खडक, लागला. आपल्या भागात तेल का नाही, याचं उत्तर त्या भोकात आहे. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं ते समुद्राखालच्या चुनखडकात, तिथे खोल खचलेल्या भागांत गाळ भरपूर.

पण बेसाल्टवर एकदम फुली मारू नका. वडोदऱ्याजवळ पादरा क्षेत्रात डेक्कन ट्रॅपच्याच, म्हणजे दख्खनच्या याच बेसाल्ट थरांच्या, भेगांमधून तेल निघतं. ते तेल बेसाल्टचं नव्हे, शेजारच्या खंबात खोऱ्यातल्या शेलमधून आलेलं.

म्हणून पुढच्या फेरीत घुमटाखाली वाळूऐवजी खाणीवरची बेसाल्टची खडी भरतोय, फटी जितक्या अरुंद जमतील तितक्या ठेवून. त्यासाठी वेगवेगळ्या मापाची खडी धुऊन वाळत घातली आहे.